नव्या घराचं आडनाव

माझ्या नवऱ्याला मुलीला काही सांगायचं असलं की तो मला सांगायचा. "तुझ्या लेकीला सांग, गाडीचं ऑइल बदलायला झालंय." लेक समोरच सोफ्यावर बसलेली असायची. तीही काही कमी नाही. "आई, बाबांना सांग, आय नो." मी दोघांच्या मधे, हाताला कणीक लागलेली. ती हायस्कुलात गेली तेव्हापासून हे सुरू झालं आणि त्यात भांडण, अबोला असलं काही नव्हतं. माझे वडीलही असंच करायचे, सासरे तर फारच. बाईच्या हाती निरोप दिला की समोरच्याचा नकार स्वतःच्या कानांनी ऐकावा लागत नाही. मी बरीच वर्षं कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवलं, कितीतरी मुलांना तोंडावर नापास केलं, पण घरात शेवटपर्यंत पोस्टमनकीच केली.

शेवटचा निरोप त्यानं जानेवारीत दिला, जायच्या आधीच्या आठवड्यात. ॲन आर्बरच्या आमच्या घरात, दिवाणखान्यातलं सोफा-टेबल हलवून हॉस्पिसवाल्यांनी पलंग लावला होता, त्यावर तो पडून होता. मुलीला चौथा महिना होता. ती आयडाहोहून, बॉयसीहून आली होती आणि वरच्या खोलीत झोपली होती. तो म्हणाला, "तिला सांग, बाळाला आपलं आडनाव लाव म्हणावं. एवढंच." मी म्हटलं, "तूच सांग ना. हाक मारू का?" त्यानं नको म्हणून मान हलवली. मग मीच सांगेन असं म्हणाले. तो गेला, आणि निरोप माझ्याकडे राहिला.

आडनावाचं दुखणं जुनं होतं. आमची मुलगी इथे जन्मलेली, इथे वाढलेली, वकील झालेली. भाजीत मीठ किती यावरसुद्धा वाद घालणारी. तिनं लग्नात आडनाव बदललं तेव्हा आम्ही दोघंही चाट पडलो. तिच्या बरोबरीच्या मराठी मुलींपैकी एकीनंही बदललं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "तू नाही का बदललंस?" ती झाली एचेव्हेरिया. माझा नवरा तिला इंग्रजीत म्हणाला, "इट्स युवर डिसिजन," आणि गराज साफ करायला गेला. जेवायच्या वेळेपर्यंत तो आत आला नाही. त्याला भाऊ नव्हता, चुलतभाऊ नव्हता, आणि आम्हाला ही एकच मुलगी.

सगळं आवरल्यावर मुलीनं मला बॉयसीला नेलं. मी जायला तयार होते असंही नाही आणि नव्हते असंही नाही. लोकांना वाटतं नवरा गेल्यावर बाई रडत असेल. मी रडले नाही. हातमोजे घालून भाजी निवडावी तसं सगळं हाताला लागत होतं. चहा करू का? चालेल. फिरायला जायचं का? चालेल. ॲन आर्बरच्या एक काकू फोन करून विचारायच्या, घर विकणार की भाड्यानं देणार, मी म्हणायचे, दोन्ही चालेल. त्या रागावून फोन ठेवायच्या. मला एरवी राग पटकन येतो, नाकावरच असतो, पण तोही येईनासा झाला होता. मुलगी मला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरनं काय आवडतं, काय आवडत नाही असं विचारलं आणि मी प्रामाणिकपणे विचार केला, पण काही सुचलं नाही.

निरोप द्यायचा राहून गेला तो याच काळात. विसरले नव्हते. सकाळी उठलं की आधी तेच आठवायचं. पण निरोप द्यायला त्यात थोडा जीव ओतावा लागतो, आणि तो माझ्यात नव्हता. शिवाय मी मुलीला ओळखत होते. बाबा जाताना हे म्हणाले असं सांगितलं तर ती हुंदके देत हो म्हणेल, जावईही हो म्हणेल, तो कशालाच नाही म्हणत नाही. मग त्या पोराला जन्मभर कुणाच्या तरी मरणाचं नाव लावावं लागेल. आणि न सांगावं तर मेलेल्या माणसाला दिलेला शब्द. भिजत घोंगडं पडलं होतं. बाळ जूनमध्ये यायचं होतं.

दर रविवारी दुपारी आम्ही माझ्या व्याह्यांकडे जेवायला जायचो. ते तिथून जवळच, टेकड्यांच्या पायथ्याशी एकटे राहतात. शाळेत मुलांना सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले, बायको जाऊन काही वर्षं झालेली. हे बास्क लोक म्हणजे स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवरच्या डोंगरातले. त्यांचे आजे-पणजे मेंढ्या राखायला आयडाहोत आले आणि इथलेच झाले. व्याही चांगला स्वयंपाक करतात. माझ्यासाठी सॉसेज न घालता लाल बीन्स वेगळ्या शिजवायचे, त्या आपल्या राजम्याच्या जवळपास जायच्या. माणूस भला, पण एकदा आडनावावर बोलायला लागला की आवरायचा नाही. त्यांच्या टपालपेटीवर ते नाव लाकडात कोरलेलं, ट्रकच्या मागे चिकटवलेलं, कॉफीच्या मगवर सुद्धा. आपल्याकडे एवढं नाव फक्त स्टीलच्या भांड्यांवर घालतात.

मला नाव कोरलेल्या मगात कॉफी देऊन त्यांनी पहिल्याच रविवारी सुरुवात केली. एचे म्हणजे घर, बेरी म्हणजे नवं. त्यांच्या भाषेत विशेषण नामाच्या नंतर येतं, म्हणजे घर-नवं. नव्या घरात राहणारे ते एचेव्हेरिया. त्यांच्याकडे माणसाला घराचं नाव लागायचं, घराला माणसाचं नाही. खालचं घर, ओढ्यापलीकडचं घर, ओकच्या झाडाजवळचं घर, अशी नावं असायची आणि आत राहतील ते सगळे त्या नावाचे. "आणि प्रत्येक गावात कधी ना कधी कुणीतरी नवं घर बांधतंच," ते म्हणाले. "म्हणून आम्ही सगळीकडे आहोत." स्पेनमध्ये एक स्पेलिंग, फ्रान्समध्ये दुसरं, मेक्सिको, चिली, अर्जेंटिना, सगळीकडे त्याचे वेगवेगळे अवतार. झेवियर हे नावसुद्धा मुळात तेच, नवं घर. मी शाळेत असताना वर्गात एक झेवियर होता, सदा नाक वाहणारा. तो व्याह्यांचा भाऊबंद निघाला याची मला गंमत वाटायला हवी होती.

"मग सगळे तुमचे नातेवाईक?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"एकही नाही," ते खुशीत म्हणाले. "नवी घरं वेगवेगळी होती ना."

पुढे एकदा त्यांनी माझ्या आडनावाचा अर्थ विचारला. मी सांगितलं, एका गावाचं नाव आहे, त्याला कर लावलं की त्या गावचे असा अर्थ होतो. तुम्ही तिथे राहिलात का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी नाही, नवरा नाही, सासरेही नाहीत. ते गोंधळले. मग मी त्यांना फळ्यावर समजावावं तसं समजावलं, की गावात राहणाऱ्याला त्या गावाचं नाव कोण कशाला लावेल, तिथे सगळेच त्या गावचे. गाव सोडून दुसरीकडे गेल्यावर लोक विचारतात, कुठले तुम्ही, तेव्हा ते नाव लागतं.

"म्हणजे आमचं नाव राहणाऱ्यांचं आणि तुमचं निघून गेलेल्यांचं," व्याही म्हणाले.

लग्नानंतर कुलदैवताला म्हणून आम्ही त्या गावी एकदा गेलो होतो. तासभर थांबलो असू. त्या आडनावाचं एकही घर तिथे नव्हतं. पुजाऱ्यानं दोनदा नाव विचारलं आणि दोनदा म्हणाला, ऐकलं नाही कधी. नवरा गावाच्या पाटीखाली जाऊन ताठ उभा राहिला आणि मला म्हणाला, काढ फोटो. मी हे सगळं व्याह्यांना सांगितलं आणि सांगताना मला काहीही वाटलं नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी नवऱ्याची गोष्ट सांगावी तसं सांगितलं.

त्यावर त्यांनी आपल्या आजोबांची गोष्ट काढली. इतके दिवस नावाचा एवढा तोरा मिरवणाऱ्या माणसानं सांगितलं, की ते नाव आजोबांच्या जन्माचं नाहीच. त्यांच्याकडे घर एकाच मुलाला मिळतं, आणि तो मुलगाच असला पाहिजे असं नसतं. त्या नव्या घराची वारस होती थोरली मुलगी. आजोबा लग्न करून तिच्या घरी राहायला आले आणि गाव त्यांना त्या घराच्या नावानं हाक मारायला लागलं. काही वर्षांत बायको गेली. मूल लहान, म्हणून घर तिच्या बहिणीकडे गेलं. आजोबा लहान मुलाला घेऊन अमेरिकेत आले आणि इथे नाव विचारल्यावर त्यांनी जन्माचं सांगितलं नाही, बायकोच्या घराचं सांगितलं.

"का?" मी विचारलं.

"तेच त्यांचं नाव होतं," व्याही म्हणाले. त्यांना माझा प्रश्न कळला नसावा.

"आमच्याकडे अशा माणसाला घरजावई म्हणतात," मी म्हटलं.

"मान असतो त्याला?"

"नाही. हसतात त्याला."

ते पोट धरून हसले. मुलगी आणि जावई आतून बघायला आले. व्याह्यांनी तो शब्द माझ्याकडून घोटून घेतला आणि तेव्हापासून आलागेला कुणीही भेटला की ते आजोबांची ओळख 'घारजवाई' म्हणून करून देतात.

एप्रिलमधल्या एका रविवारी त्यांच्या बायकोचा स्मृतिदिन होता. जेवण झाल्यावर त्यांनी कपाटातून एक लाकडी पाटी काढून टेबलावर ठेवली. साधारण पोळपाटाएवढी, पण लांबट, आणि तिच्यावर पिवळ्या मेणाची बारीक लांबलचक वात दोऱ्याच्या रिळासारखी गुंडाळलेली. त्यांनी ती स्वतःच्या हातानं बनवली होती. जुन्या काळी गावातल्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, प्रत्येक घराची जमिनीवर ठरलेली जागा असायची. घरातली बाई तिथे बसून अशी वात लावायची, त्या घरातून गेलेल्या सगळ्यांसाठी. माणसाचं नाव घ्यायचं नाही, घराचं घ्यायचं. व्याह्यांनी वात पेटवली. मेणाला मधाचा वास येत होता. ते आपलं आडनाव म्हणाले, मग माझ्याकडे वळले आणि विचारलं, तुमच्या माणसासाठीही लावू का, तुमची मुलगी या घरात आली आहे तर तोही या घराचाच झाला.

मी म्हटलं, चालेल. मनात आलं, धुरानं अलार्म वाजेल, आणि ते मेण टेबलक्लॉथवर सांडेल.

"काय म्हणू?"

मी आडनाव सांगितलं. त्यांनी ते म्हटलं, जमेल तसं. आणि मग टेबलाच्या पलीकडून मुलीनं तेच नाव पुन्हा म्हटलं, हळू, स्वच्छ, तिचे बाबा फोनवर म्हणायचे तसं. लग्नानंतर ते तिच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. ती वातीकडे बघत होती आणि तिचा हात पोटावर होता.

जावई वडिलांचं कुंपण दुरुस्त करायला मागे थांबला. आम्ही दोघी निघालो. मुलगी गाडी चालवत होती. बाजूला उघडे तपकिरी डोंगर, त्यांच्यावर वसंतातला पोपटी रंग नुकता चढत होता. सिग्नलला थांबल्यावर ती म्हणाली, "आई, एक विचारू? मी नाव चेंज केलं तेव्हा बाबा हर्ट झाले होते का? रिअली सांग."

मी म्हटलं, "हो." आणि मग त्याच सुरात, भाजीची यादी सांगावी तसं, राहिलेलंही सांगून टाकलं. जायच्या आधी ते म्हणाले होते, बाळाला आपलं आडनाव लाव म्हणून सांग तिला.

सिग्नल हिरवा झाला. तिनं गाडी थोडी पुढे नेली आणि उजवीकडे एका किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये वळवून बंद केली. समोर एक म्हातारा माणूस ढकलगाड्या गोळा करून एकीत एक सरकवत होता.

"मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"तुला माहीत आहेत तुझे बाबा."

"मी वर होते, आई. जिना चढून वर. एक हाक मारायची."

"मी म्हटलं होतं, हाक मारते."

"मग?"

"मान हलवली."

ती रडायला लागली. मी पर्समधून टिश्यू काढून दिला. ती रडत होती आणि मी त्या ढकलगाड्या बघत होते. मला वाटलं, झालं, आता ही हो म्हणणार, माझं काम संपलं.

"नाही," ती म्हणाली. "आय ॲम सॉरी, पण नाही. मी त्यांना लग्नाच्या आधी किती वेळा विचारलं, डू यू माइंड? दर वेळी युवर डिसिजन. त्यांचे सगळे निरोप मी तुझ्याकडून घेतले, माझी सगळी लाइफ. हा नाही घेणार. ही शुड हॅव आस्क्ड मी."

हे मला अपेक्षित नव्हतं. बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. मी म्हटलं, "ठीक आहे. तुझं तू ठरव. मी फक्त सांगितलं."

"डोन्ट डू दॅट," ती एकदम चिडून म्हणाली. "तू पण तेच करतेयस. युवर डिसिजन."

तिनं नाक पुसलं. मग काहीतरी विचार करून माझ्याकडे वळली, सीटबेल्टमुळे तिला नीट वळताही येईना, तो तिनं काढला.

"ते नाव आता कोणाकडे आहे, आई? बाबा नाहीत. मी ड्रॉप केलं. आत्याचं केव्हाच बदललं. ओन्ली यू. तू तर त्या घरात जन्मली पण नाहीस. यू आर द घरजावई." तिला रडता रडता हसू आलं. "सो बाबांचं म्हणून मला नको. तुला द्यायचंय का? तुझं म्हणून? मग मी घेईन. बट ओन्ली इफ यू वाँट इट. बाबांना हवं होतं, असं सांगायचं नाही. तुला हवंय का ते सांग."

मला हवंय का. मी खरंच शोधायला लागले. ते आडनाव मला लग्नाच्या दिवशी मिळालं, ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलेल्या नव्या नावाबरोबर. दोन्ही कुणी विचारून दिली नव्हती. पहिलं वर्षभर मी जुनीच सही करून खोडायचे. मग इथे आल्यावर दर सेमिस्टरच्या पहिल्या दिवशी फळ्यावर ते मी लिहायचे, एकेक अक्षर सुटं करून, आणि मागच्या बाकावरची पोरं त्याचं जे वाटोळं करायची ते दुरुस्त करायचे. बँकेत, फोनवर, एअरपोर्टवर त्याचं स्पेलिंग सांगून सांगून माझी जीभ झिजली. लोक मला त्याच नावानं ओळखत, मिस अमुककर, आणि कॉलेजात तर नवऱ्याला माझा नवरा म्हणून ओळखत. नाव त्याच्या घरचं होतं, पण वापरून वापरून अंगाला बसवलं ते मी. त्यानं ते जपलं, मी ते जगभर चालवलं. आणि मी गेल्यावर ते इथे कुणाच्याच दारावर असणार नव्हतं. हे मला त्या क्षणापर्यंत कधी सुचलंच नव्हतं, की या निरोपात माझाही काही वाटा असू शकतो.

"हवंय," मी म्हणाले.

मुलगी बघत राहिली. माझ्याकडून हे येईल असं तिला वाटलं नसावं. मी पुन्हा म्हणाले, "हवंय मला." आवाज माझाच होता, पण फार मोठा आला. तो ढकलगाड्यावाला माणूस काचेतून आमच्याकडे बघायला लागला.

आणि मग जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. जानेवारीपासून मला काहीच नको होतं, म्हणून नवराही नको असल्यासारखंच चाललं होतं. आता ही एवढीशी गोष्ट हवी झाली, आणि तिच्या पाठोपाठ तो हवा झाला. बाकी कुठे नाही, तिथेच, त्या पार्किंगमध्ये, मागच्या सीटवर, तोंड मिटून बसलेला का असेना. मी मागे वळून पाहिलंसुद्धा. सीटवर मुलीचा रेनकोट होता आणि बाळाच्या कारसीटचा न उघडलेला खोका. मी तोंडावर हात ठेवला, पण आवाज थांबेना.

"आई," मुलगी घाबरून म्हणाली, "दुखतंय का कुठे?"

मी हो म्हणाले.